अवघड प्रथिनाला शॅपरोनची सोबत : ई. कोलायमधील सहअभिव्यक्तीचा प्रयोग पायरीपायरीने

प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांतच एक अनुभव हमखास येतो. जनुकाचे काम सुरू करून देणारा आयपीटीजी हा पदार्थ दिल्यानंतरच्या जेलवर अपेक्षित रेणुभाराच्या जागी ठसठशीत पट्टा उमटतो आणि मन हरखून जाते. मात्र दुसऱ्या दिवशी पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केल्यावर तो सगळा पट्टा नळीच्या तळाच्या गाळात सापडतो, वरच्या स्वच्छ द्रवात त्याचा मागमूसही नसतो. जिवाणूने प्रथिन भरपूर तयार केलेले असते, पण त्याची घडी बसलेली नसते, आणि अर्धवट घडीचे रेणू एकमेकांना चिकटून पेशीच्या टोकाशी गोळा झालेले असतात. या गोळ्यांना इन्क्लूजन बॉडी म्हणतात. अशा वेळी पेशीत शॅपरोनांचे, म्हणजे इतर प्रथिनांना घडी बसवायला मदत करणाऱ्या प्रथिनांचे, प्रमाण मुद्दाम वाढवून पाहणे हा एक चांगला मार्ग आहे. तो कसा चालायचा आणि कुठे थांबायचे, हे या लेखात मांडले आहे. वाचकाला ट्रान्सफॉर्मेशन करता येते, एसडीएस जेल चालवता येते आणि पीईटी मालिकेतील प्लाझ्मिडची ओळख आहे, असे गृहीत धरले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर तिचा संबंध येणार आहे. शॅपरोन ज्याची घडी वाटेत अडली आहे अशाच प्रथिनाला मदत करतात. ज्या प्रथिनाला घडीसाठी लागणारी सामग्रीच पेशीत मिळत नाही, त्याच्यापुढे ते हतबल असतात. शिवाय प्रथिन वरच्या द्रवात आले म्हणजे त्याची घडी बरोबर बसली, असेही नाही. या दोन गोष्टी नीट तपासल्या नाहीत, तर महिनाभराच्या श्रमानंतर हाती आलेल्या विद्राव्य प्रथिनात कसलीच क्रियाशीलता नसल्याचे लक्षात येते.

शॅपरोन पेशीत काय करतात

प्रथिनाची घडी त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच लिहिलेली असते, हे ख्रिश्चन अॅन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएजवरील प्रयोगांतून दाखवले आणि १९७२ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ते प्रयोग परीक्षानळीतल्या विरळ द्रावणात झाले होते. ई. कोलायच्या पेशीत प्रत्येक लिटरमागे तीनशे ग्रॅमच्या आसपास महारेणू दाटीवाटीने असतात, आणि रायबोसोममधून बाहेर पडणाऱ्या साखळीचे पाणी टाळणारे तुकडे काही काळ उघडे राहतात. नेहमीच्या वेगाने तयार होणारे पेशीचे स्वतःचे प्रथिन या अवस्थेतून पार होते. परंतु पीईटी प्लाझ्मिडवरील जनुक वाचणारे टी७ पॉलिमरेज एखाद्या परक्या जनुकाच्या संदेशांचा पूर लोटतो, तेव्हा उघड्या तुकड्यांची संख्या इतकी वाढते की घडी बसण्याआधीच ते एकमेकांना धरून बसतात.

पेशीत यावर तीन टप्प्यांची व्यवस्था असते. पहिला टप्पा ट्रिगर फॅक्टरचा. हे प्रथिन रायबोसोमच्या बाहेर पडण्याच्या वाटेशीच बसलेले असते आणि नव्या साखळीला लगेच आधार देते. दुसरा टप्पा डीएनएके, डीएनएजे आणि जीआरपीई या त्रयीचा: डीएनएजे उघडी साखळी आणून देते, डीएनएके एटीपीच्या साह्याने पाणी टाळणारा छोटा तुकडा पकडून ठेवते, आणि जीआरपीई वापरलेला एडीपी बाहेर काढून पकड सोडवते. तिसरा टप्पा ग्रोईएल आणि ग्रोईएस यांचा. ग्रोईएलच्या प्रत्येकी सात घटकांच्या दोन कड्या पाठीला पाठ लावून जोडलेल्या असतात. त्यांपैकी एका कड्याच्या पोकळीत अर्धवट घडीचे प्रथिन शिरते, वरून ग्रोईएसचे झाकण बसते, आणि काही सेकंद त्या प्रथिनाला इतरांपासून वेगळे राहून घडी घालण्याची संधी मिळते. ही पोकळी साधारण ६० किलोडाल्टनपर्यंतच्या प्रथिनालाच पुरते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण प्लाझ्मिड निवडताना तो उपयोगी पडतो.

परक्या प्रथिनासाठी याचा उपयोग होतो हे पिएर गोलुबिनॉफ, अँथनी गेटनबी आणि जॉर्ज लोरिमर यांनी १९८९ साली दाखवले. सायनोबॅक्टेरियाचे रुबिस्को ई. कोलायमध्ये नीट जुळून येत नव्हते; ग्रोईएल आणि ग्रोईएस यांचे प्रमाण वाढवताच क्रियाशील रुबिस्को मोठ्या प्रमाणात मिळू लागले. पुढे जपानमध्ये या शॅपरोनांची सोयीची प्लाझ्मिडे तयार झाली. १९९८ साली सुगी वृक्षाच्या परागातील क्रायजे२ या अॅलर्जीकारक प्रथिनावर, तर २००० साली एंडोस्टॅटिन, ओआरपी१५० आणि मानवी लायसोझाइम यांच्यावर ती वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात एंडोस्टॅटिनला एकटा ट्रिगर फॅक्टर पुरला, तर उरलेल्या दोघांना ट्रिगर फॅक्टर आणि ग्रोईएल यांची जोडी अधिक मानवली. कोणत्या प्रथिनाला कोणता शॅपरोन मानवेल हे आधी सांगता येत नाही, एवढा धडा नवख्याने या एका उदाहरणातून घ्यावा.

पहिली पायरी : शॅपरोनआधीची तपासणी

या पायरीवर नवे लोक सर्वांत कमी वेळ देतात, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे. शॅपरोनचे प्लाझ्मिड मागवण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत.

प्रथिन खरोखरच तयार होते आहे का? संपूर्ण पेशींच्या नमुन्यातच पट्टा दिसत नसेल, तर अडचण घडीची नाही. दुर्मिळ कोडॉन, संदेशाच्या सुरुवातीची गुंतागुंत, विषारीपणा किंवा प्रोटिएजकडून होणारा नाश यांपैकी काहीतरी असू शकते, आणि त्यासाठी उपाय वेगळे आहेत.

प्रथिनात डायसल्फाइड बंध आहेत का? ई. कोलायच्या सायटोप्लाझममध्ये हे बंध टिकत नाहीत. ज्या प्रथिनाची घडीच चार-पाच बंधांवर उभी आहे, त्याच्यासाठी हे बंध टिकू देणारे शफल किंवा ओरिगामी यांसारखे वाण आधी वापरावेत, किंवा प्रथिन पेरिप्लाझममध्ये, म्हणजे पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत, पाठवावे. शफल वाणाच्या सायटोप्लाझममध्ये डीएसबीसी हे बंध सुधारणारे प्रथिनही असते.

प्रथिनाला हीम, जस्त, लोह-गंधक समूह किंवा एखादे जीवनसत्त्वजन्य सहघटक लागते का? लागत असल्यास माध्यमात जस्ताचे क्षार किंवा हीमचा पूर्वगामी डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल घालून पाहावे. हा उपाय शॅपरोनपेक्षा स्वस्त आहे आणि अनेकदा तेवढाच पुरतो.

प्रथिन एकटे राहणारे आहे की जोडीदाराबरोबर? मूळ जीवात दुसऱ्या उपघटकाशी बांधलेल्या प्रथिनाचा पाणी टाळणारा पृष्ठभाग एकटेपणी उघडाच राहतो. तिथे जोडीदाराचे जनुकच सहअभिव्यक्त करणे योग्य ठरते.

आणि शेवटचा प्रश्न: तापमान कमी करून पाहिले का? ३७ अंशांवरून १६ ते २० अंशांवर आणून आणि आयपीटीजी १ मिलिमोलरवरून ०.१ मिलिमोलरवर उतरवून रात्रभर वाढवलेल्या पेशींत प्रथिन विद्राव्य सापडण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. हा प्रयोग न करता शॅपरोनकडे वळू नये. आपल्याकडे एक व्यावहारिक अडचण येते: साध्या शेकरला खोलीच्या तापमानाखाली जाता येत नाही, आणि मे महिन्यात नागपूर किंवा अकोल्यात खोलीचे तापमान किती असते हे वेगळे सांगायला नको. शीतकरण असलेला शेकर विभागात एकच असेल, तर त्याची वेळ आधी ठरवून ठेवावी. पुढच्या सगळ्या प्रयोगाला तो लागणार आहे.

या पाच प्रश्नांनंतरही प्रथिन गाळातच राहत असेल, तर शॅपरोनची पाळी आली असे समजावे.

दुसरी पायरी : प्लाझ्मिडची निवड

सर्वाधिक वापरात असलेला संच ताकारा या जपानी कंपनीचा आहे आणि त्यात पाच प्लाझ्मिडे आहेत. पीग्रो७ मध्ये ग्रोईएस आणि ग्रोईएल आहेत. पीकेजेई७ मध्ये डीएनएके, डीएनएजे आणि जीआरपीई. पीटीएफ१६ मध्ये एकटा ट्रिगर फॅक्टर. ही तिन्ही अॅराबिनोजने सुरू होतात. पीजी-टीएफ२ मध्ये ग्रोईएस, ग्रोईएल आणि ट्रिगर फॅक्टर एकत्र असून ते टेट्रासायक्लिनने सुरू होते. पीजी-केजेई८ मध्ये दोन्ही मोठे समूह आहेत: डीएनएकेचा समूह अॅराबिनोजवर, तर ग्रोईएलचा समूह टेट्रासायक्लिनवर चालतो, म्हणजे दोघांचे प्रमाण वेगवेगळे ठरवता येते.

पाचही प्लाझ्मिडांत पी१५ए हा प्रतिकृतीचा आरंभबिंदू आणि क्लोरॅम्फेनिकॉल प्रतिरोधाचे जनुक आहे. पीईटी प्लाझ्मिडांचा आरंभबिंदू वेगळ्या गटातला आणि प्रतिरोध अॅम्पिसिलिन किंवा कॅनामायसिनचा असल्यामुळे दोन्ही एकाच पेशीत नांदतात. मात्र बीएल२१(डीई३) पीलायएस आणि रोझेटा या वाणांत आधीपासूनच पी१५ए गटाचे, क्लोरॅम्फेनिकॉल प्रतिरोधी प्लाझ्मिड असते. अशा वाणात शॅपरोनचे प्लाझ्मिड घातले तर दोघांत चढाओढ होते आणि प्रतिजैविकाच्या निवडीलाही अर्थ उरत नाही. दुर्मिळ कोडॉनची अडचण असेल, तर रोझेटाऐवजी ई. कोलायला सोयीचे कोडॉन वापरून जनुक नव्याने संश्लेषित करून घ्यावे आणि साधे बीएल२१(डीई३) वापरावे.

एकाच प्लाझ्मिडने सुरुवात करावी की पाचही एकदम तपासावीत? माझे मत स्पष्ट आहे: पाचही तपासावीत. दहा-दहा मिलिलिटरच्या सहा नळ्या वाढवायला एका नळीपेक्षा फारसे अधिक श्रम लागत नाहीत, आणि अंदाजाने निवडलेले प्लाझ्मिड निष्फळ ठरले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्याच्याकडे एकच मिळण्यासारखे असेल त्याने प्रथिनाचा आकार पाहावा. साधारण २० ते ६० किलोडाल्टनच्या प्रथिनासाठी पीग्रो७ किंवा पीजी-टीएफ२. त्याहून मोठ्या, अनेक भागांच्या प्रथिनासाठी पीकेजेई७ किंवा पीटीएफ१६.

अॅगिलंट कंपनीचा आर्क्टिकएक्स्प्रेस हा वाण वेगळ्या विचाराने बनवलेला आहे. ई. कोलायचे स्वतःचे शॅपरोन थंडीत मंदावतात. म्हणून त्यात ओलीस्पिरा अंटार्क्टिका या थंड समुद्रातील जिवाणूचे सीपीएन६० आणि सीपीएन१० घातलेले आहेत, आणि प्रथिन सुमारे १२ अंशांवर तयार केले जाते. यात वाढ फार हळू होते, पण अतिशय हट्टी प्रथिनासाठी हा पर्याय हाताशी असावा.

तिसरी पायरी : दोन प्लाझ्मिडांचा वाण

दोन्ही प्लाझ्मिडे एकाच वेळी पेशीत घालण्याचा मोह टाळावा. त्यात वसाहती फार कमी मिळतात. आधी बीएल२१(डीई३) मध्ये शॅपरोनचे प्लाझ्मिड घालून प्रति मिलिलिटर २० मायक्रोग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटवर पेशी पसराव्यात. एका वसाहतीपासून कॅल्शियम क्लोराइडच्या पद्धतीने कॉम्पिटंट पेशी तयार कराव्यात आणि त्या उणे ८० अंशांवर लहान वाट्यांनी साठवाव्यात. पाचही शॅपरोनांच्या कॉम्पिटंट पेशी एकदा तयार झाल्या, की पुढच्या प्रत्येक अवघड प्रथिनासाठी सगळ्या प्रयोगशाळेला त्यांचा उपयोग होतो. मग आपल्या प्रथिनाचे प्लाझ्मिड घालून दोन्ही प्रतिजैविकांच्या प्लेटवर निवड करावी.

नव्या वसाहतींपासूनच प्रयोग करावा. फ्रिजमध्ये तीन आठवडे पडलेल्या प्लेटवरून घेतलेली वसाहत आणि ताजी वसाहत यांच्या उत्पादनात मला वारंवार फरक दिसला आहे.

चौथी पायरी : उद्दीपकांचा हिशेब

इथे होणारी चूक महागात पडते, म्हणून आकडे सविस्तर देतो. अॅराबिनोजचे प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ मिलिग्रॅमपासून सुरू करावे आणि गरज पडल्यास ४ मिलिग्रॅमपर्यंत वाढवावे. मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असे गाळून निर्जंतुक केलेले द्रावण हाताशी असेल, तर १० मिलिलिटर कल्चरला ५० मायक्रोलिटर पुरते.

टेट्रासायक्लिनची गोष्ट वेगळी आहे. इथे ते प्रतिजैविक म्हणून वापरायचे नसून केवळ इशारा म्हणून वापरायचे आहे, आणि त्याचे प्रमाण प्रति मिलिलिटर ५ नॅनोग्रॅम एवढेच आहे. सवयीने मायक्रोग्रॅम घातले तर ते हजारपट होते आणि पेशींची वाढ थांबते. माझ्याकडे आलेल्या एका नव्या विद्यार्थ्याने शेकर बिघडला असे समजून दोन दिवस यंत्राची तपासणी केली होती. दोष वहीत लिहिलेल्या एका अक्षरात होता. म्हणून दोन टप्प्यांत विरलन करावे. इथेनॉलमधील मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमचे मूळ द्रावण हजारपट पातळ करून मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमचे द्रावण तयार करावे, आणि त्यातील १ मायक्रोलिटर प्रत्येक मिलिलिटर कल्चरला द्यावा. टेट्रासायक्लिन उजेडात बिघडते. नळीला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळावा.

आणखी एक पथ्य आहे. ग्लुकोज असेल तर अॅराबिनोजवरचा प्रवर्तक दबून राहतो. पीईटी प्लाझ्मिडमधील गळती थांबवण्यासाठी अनेकजण माध्यमात ग्लुकोज घालतात. ते रात्रीच्या लहान कल्चरमध्ये चालेल, पण मुख्य कल्चरमध्ये घालू नये. याच कारणाने ग्लुकोज असलेले स्वयंउद्दीपन माध्यमही अॅराबिनोजवरच्या शॅपरोनांसाठी वापरू नये.

पाचवी पायरी : वाढ आणि उद्दीपन

संध्याकाळी प्रत्येक वाणाची एक वसाहत दोन्ही प्रतिजैविकांच्या ३ मिलिलिटर एलबी माध्यमात सोडावी. सकाळी त्यातील १०० मायक्रोलिटर १० मिलिलिटर ताज्या माध्यमात घालावे. शॅपरोनचे उद्दीपक याच वेळी, म्हणजे सुरुवातीलाच द्यावेत. यामागचे कारण साधे आहे: आपले प्रथिन तयार होऊ लागेल तेव्हा त्याला सांभाळणारे आधीच हजर असले पाहिजेत. घरी पाहुणे येऊन बसल्यावर चूल पेटवायला घेऊन चालत नाही.

कल्चर ३७ अंशांवर वाढवून ६०० नॅनोमीटरवरील ओडी, म्हणजे पेशींच्या दाटीचे माप, ०.५ च्या आसपास आली की नळ्या शेकरमधून काढून वीस मिनिटे थंड होऊ द्याव्यात आणि मगच आयपीटीजी द्यावे. कल्चर गरम असतानाच आयपीटीजी दिले, तर पहिला अर्धा तास प्रथिन भराभर तयार होते आणि त्याच काळात गोळे बनायला सुरुवात होते. पहिल्या फेरीसाठी ०.१ मिलिमोलर आयपीटीजी घ्यावे, म्हणजे १०० मिलिमोलरच्या द्रावणातील १० मायक्रोलिटर. एक संच १८ अंशांवर रात्रभर आणि दुसरा ३० अंशांवर चार तास वाढवावा.

शॅपरोन तयार करण्यात पेशीची बरीच शक्ती खर्च होते, म्हणून वाढ थोडी मंदावणे स्वाभाविक आहे. ओडी ०.५ ला पोहोचायला अर्धा-पाऊण तास अधिक लागला, तर काळजी करू नये; मात्र सर्व नळ्यांची वेळ घड्याळावरून न ठरवता ओडीवरून ठरवावी.

आता तुलनेच्या नळ्या. एक नळी शॅपरोनच्या प्लाझ्मिडाशिवाय, फक्त आपल्या प्रथिनाची. दुसरी शॅपरोनचे प्लाझ्मिड असलेली, पण अॅराबिनोज किंवा टेट्रासायक्लिन न दिलेली. तिसरी शॅपरोन उद्दीपित केलेली, पण सोबत रिकामे पीईटी प्लाझ्मिड असलेली. या तीन नळ्यांवाचून जेलवरचा कोणताही पट्टा खात्रीने वाचता येत नाही. तिसरी नळी तर मी कधीच वगळू देत नाही, आणि तिचे कारण पुढच्याच पायरीत आहे.

सहावी पायरी : पेशी फोडणे आणि जेल वाचणे

पेशी गोळा करण्याआधी प्रत्येक नळीची ओडी मोजावी आणि सर्वांतून सारख्याच पेशी घ्याव्यात. १ मिलिलिटर बफरमध्ये पेशी मिसळाव्यात: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, ३०० मिलिमोलर मीठ आणि प्रोटिएजांना रोखणारे, ताजे घातलेले पीएमएसएफ. नळी बर्फात ठेवून १० सेकंद सोनिकेशन आणि ३० सेकंद विश्रांती, असे द्रव पारभासक होईपर्यंत करावे. फेस येऊ देऊ नये; फेसात आणि उष्णतेत चांगल्या घडीचे प्रथिनही गाळात जाते आणि दोष उगाच जिवाणूवर येतो.

फोडलेल्या पेशींतून थोडा भाग एकूण नमुना म्हणून बाजूला काढावा. उरलेला ४ अंशांवर १५,००० ते २०,००० जी वर अर्धा तास फिरवावा. वरचा द्रव वेगळा करून गाळ नेमक्या तेवढ्याच आकारमानाच्या बफरमध्ये पुन्हा मिसळावा, म्हणजे दोन्हींतून सारखे आकारमान जेलवर घातले की पट्ट्यांची थेट तुलना करता येते. गाळ थोड्याच बफरात मिसळून जेलवर घातला, तर तो नेहमीच जास्त दिसतो.

जेलवर शॅपरोनचे पट्टेही ठळक दिसतील आणि ते दिसायलाच हवेत. डीएनएके सुमारे ७० किलोडाल्टनवर, ग्रोईएल सुमारे ६० वर, ट्रिगर फॅक्टर ५६ च्या जवळ, डीएनएजे ४० वर, जीआरपीई २२ ते २५ च्या दरम्यान आणि ग्रोईएस १० वर येते. हे पट्टे नसतील तर शॅपरोन तयारच झालेले नाहीत, आणि त्या नळीवरून शॅपरोनचा उपयोग होत नाही असा निष्कर्ष काढता येणार नाही.

उलट, आपले प्रथिन याच रेणुभारांच्या जवळपास असेल तर मोठी फसगत होऊ शकते. मी सुरुवातीला ५८ किलोडाल्टनच्या एका प्रथिनावर काम करत होतो. पीग्रो७ बरोबर वरच्या द्रवात भरघोस पट्टा दिसला आणि आठवडाभर मी तो माझाच समजत होतो. तो ग्रोईएल होता. रिकाम्या पीईटीची नळी तेव्हा मी ठेवली नव्हती. अशा वेळी आपल्या प्रथिनाला जोडलेल्या हिस्टिडिन शेपटीविरुद्धच्या प्रतिपिंडाने वेस्टर्न ब्लॉट करावा, म्हणजे कोणता पट्टा कुणाचा हे निश्चित होते.

काही नळ्यांत आपल्या प्रथिनाचे एकूण प्रमाणच घटलेले दिसेल, विशेषतः पीकेजेई७ बरोबर. डीएनएकेचा समूह घडी न बसलेल्या प्रथिनाला धरून ठेवतो, तसाच तो त्याला पेशीतील प्रोटिएजांच्या हवालीही करू शकतो. गाळातला पट्टा नाहीसा झाला एवढ्यावर समाधान मानू नये. तो वरच्या द्रवात आला की पेशीतूनच नाहीसा झाला, हे एकूण नमुन्यावरून ठरवावे.

सातवी पायरी : विद्राव्य म्हणजे क्रियाशील का?

वरच्या द्रवात आलेले प्रथिन तीन अवस्थांत असू शकते: बरोबर घडी बसलेले, शॅपरोनला चिकटून तरंगत राहिलेले, किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये खाली न बसण्याइतके लहान गोळे झालेले. जेलवर हे तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून प्रथिन विकर असेल तर शुद्धीकरणाआधीच, पेशीद्रवातच, त्याची क्रियाशीलता मोजावी आणि ती शॅपरोनशिवायच्या नळीशी ताडून पाहावी. विद्राव्य प्रथिन चौपट झाले आणि क्रियाशीलता तेवढीच राहिली, तर पदरात काहीच पडलेले नाही.

विकर नसेल तर हिस्टिडिन शेपटी पकडणाऱ्या निकेल स्तंभातून एकदा काढलेले प्रथिन आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभावर चालवावे. ते स्तंभाच्या रिक्त आकारमानात, म्हणजे अगदी सुरुवातीला बाहेर पडले, तर ते गोळ्यांच्या रूपातच आहे असे समजावे. ग्रोईएलचे चौदा घटकांचे संकुल ८०० किलोडाल्टनच्या आसपासचे असते, तेही लवकर बाहेर येते. म्हणून त्या भागाचे जेल अवश्य चालवावे.

याच टप्प्यावर दुसरी फेरी आखावी. ज्या एक-दोन प्लाझ्मिडांनी आशा दाखवली त्यांच्याबरोबर अॅराबिनोजची दोन-तीन प्रमाणे, आयपीटीजीची ०.०५ आणि ०.२ मिलिमोलर ही दोन प्रमाणे, आणि तापमानात १५ व २५ अंश तपासावेत. दुसऱ्या फेरीतही काही हाती लागले नाही, तर तिसरी करू नये.

आठवी पायरी : शॅपरोनला प्रथिनापासून सोडवणे

मोठ्या प्रमाणावर उत्पादन घेताना फ्लास्क त्याच्या क्षमतेच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यापेक्षा अधिक भरू नये. बाकी प्रमाणे तीच ठेवावीत. खरी अडचण शुद्धीकरणात येते. निकेल स्तंभावर आपल्या प्रथिनाबरोबर ६० किंवा ७० किलोडाल्टनचा पट्टा चिकटून येतो, आणि स्तंभाची पकड सोडवणाऱ्या इमिडाझोलचे प्रमाण वाढवूनही तो हटत नाही, कारण तो स्तंभाला नव्हे तर आपल्या प्रथिनाला चिकटलेला असतो.

शॅपरोनची पकड नवा एटीपी मिळाला की सुटते, म्हणून प्रथिन स्तंभावर बांधलेले असतानाच एटीपीचा धुवा द्यावा. बफरमध्ये ५० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि ५ ते १० मिलिमोलर एटीपी असावे. एटीपी आम्लधर्मी असल्याने ते घातल्यावर पीएच पुन्हा ७.५ वर आणावा. ही सूचना पुष्कळदा विसरली जाते आणि मग धुव्याबरोबर प्रथिनही वाहून जाते. पोटॅशियम आवश्यक आहे. शॅपरोनांची एटीपी वापरण्याची क्रिया त्याच्याशिवाय नीट चालत नाही. ईडीटीए कुठेही नसावे, ते मॅग्नेशियम आणि स्तंभावरचे निकेल दोन्ही ओढून घेते. स्तंभाच्या पाचपट बफर घेऊन त्यातील निम्मा सोडावा, प्रवाह अर्धा तास थांबवावा आणि उरलेला सोडावा. त्यानंतर नेहमीप्रमाणे साध्या बफरने धुवून प्रथिन काढावे.

एटीपीने धुऊनही शॅपरोन सुटत नसेल, तर त्याकडे शुद्धीकरणाची अडचण म्हणून पाहू नये. अशा प्रथिनाची घडी बहुधा पूर्ण झालेलीच नसते, आणि शॅपरोन दूर होताच ते नळीत गढूळ होते. तेव्हा सातव्या पायरीवर परत यावे.

जेव्हा काहीच चालत नाही

दोन फेऱ्यांनंतर निष्फळ ठरलेल्या प्रथिनाची लांबी आधी तपासावी. टोकांचे विस्कळीत भाग कापून स्थिर भागच घेतल्यास अनेकदा काम होते. विद्राव्यता वाढवणारी माल्टोज-बंधक प्रथिनाची किंवा सुमोची जोडही देता येते. क्रियाशील प्रथिन अगदी थोडे लागत असेल, तर इन्क्लूजन बॉडी धुऊन, यूरियात विरघळवून पुन्हा घडी बसवण्याचा मार्गही खुला असतो.

मूळ जीवात या प्रथिनाला कोण सांभाळते, हा प्रश्नही विचारायलाच हवा. अॅक्टिन आणि ट्युब्युलिन ई. कोलायमध्ये कितीही ग्रोईएल वाढवले तरी नीट घडत नाहीत. त्यांना आपल्या पेशींमधील ट्रिक हा शॅपरोनिन लागतो. अनेक कायनेजांना एचएसपी९० आणि सीडीसी३७ ही जोडी लागते. रुबिस्कोचेच उदाहरण पाहावे: सायनोबॅक्टेरियाचे रुबिस्को १९८९ साली ग्रोईएलच्या साह्याने जुळले, परंतु वनस्पतींचे रुबिस्को ई. कोलायमध्ये जुळवायला २०१७ साल उजाडावे लागले. तेव्हा अरॅबिडॉप्सिसच्या रुबिस्कोबरोबर त्याच्या हरितलवकातील शॅपरोनिन आणि राफ१, राफ२, आरबीसीएक्स व बीएसडी२ हे जुळणीचे घटक एकत्र घालावे लागले. आपल्या प्रथिनाच्या जवळच्या नातेवाइकांवरील शोधनिबंध या दृष्टीने चाळावेत. असा एखादा मदतनीस सापडला, तर त्याचे जनुक सीडीएफ किंवा आरएसएफ आरंभबिंदूच्या प्लाझ्मिडवर ठेवावे, प्रतिरोध आधीच्या दोघांपेक्षा वेगळा निवडावा, आणि पुन्हा दहा मिलिलिटरच्या नळ्यांपासून, रिकाम्या पीईटीच्या नळीसकट, सुरुवात करावी.